तैलचित्राची ऑर्डर देण्याआधी

आमच्या स्टुडिओत भिंतीवर टांगलेली जुनी टॅटू मशीन बघून बरेच जण विचारतात, "टॅटूपण करता का?" आता नाही. अकरा वर्षं केले. औंधच्या श्रीभवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रं जवळून पाहिली आणि मन तिकडे वळलं. खालचा रंग वरच्या रंगातून डोकावतो, म्हणून त्या चित्रांतली कातडी जिवंत वाटते. ही गोष्ट सुईने मला आधीच शिकवली होती. टॅटूची शाई एक-दोन मिलिमीटर आत बसते आणि आपण ती कायम वरच्या कातडीतून बघतो. म्हणून सावळ्या हातावर फिकट पिवळा उठत नाही आणि काळी शाई काही वर्षांनी निळसर-हिरवी दिसते.

गेल्या वर्षी एक ताई आजीचा कृष्णधवल फोटो घेऊन आल्या. कपाळावरचं गोंदण फोटोत ठार काळं होतं. "हिरवं होतं हो आजीचं गोंदण," त्या म्हणाल्या. वरून हिरवा टेकवला असता तर टिकली लावल्यासारखं दिसलं असतं. मी आधी काळसर ठिपके काढले, ते वाळू दिले आणि त्यांवर कातडीचा रंग अगदी पातळ चढवला. ठिपके आतून निळसर दिसू लागले. चित्र न्यायला आल्यावर ताईंचं बोट त्या कपाळापर्यंत गेलं आणि तिथेच थांबलं.

अशा थरांना वेळ लागतो. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. एकेक थर हाताला सुका लागायला काही दिवस जातात, पावसाळ्यात जास्तच. वरच्या थरात खालच्यापेक्षा तेल अधिक ठेवावं लागतं, नाहीतर पुढे तडे जातात. एका चेहऱ्याला तीन महिने धरा. वर्षश्राद्धाला चित्र हवं असेल तर तेवढं आधी या. घाईचं काम आम्ही घेत नाही.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका, बारकावे जातात. मूळ प्रिंट आणा, तुमच्यासमोर स्कॅन करून परत देतो. फोटोत न आलेलं तोंडी सांगा: तीळ, देवीचे व्रण, हसताना बारीक होणारा एक डोळा. टॅटूच्या दिवसांतली एक सवय मी सोडलेली नाही. आधी रेखाटन दाखवतो, तुम्ही हो म्हणालात की मगच रंग. कातडीवर खोडरबर चालत नाही, तेव्हापासूनची ही शिस्त.

चित्र घरी नेल्यावर सहा महिने ते वर्षभराने एकदा परत आणा, शेवटचं वॉर्निश करून देतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत. ओल येणाऱ्या भिंतीवर किंवा समईच्या काजळीजवळ चित्र लावू नका. धूळ मऊ, कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं नको. हार घालायचा असेल तर फ्रेमला वर दोन खिळे मारून देतो, म्हणजे ओली फुलं कॅनव्हासला टेकत नाहीत.