पाणबुडी लपते ती तापमानाच्या आड

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘आयएनएस सुरत’ ही विनाशिका, ‘आयएनएस निलगिरी’ ही फ्रिगेट आणि ‘आयएनएस वागशीर’ ही पाणबुडी एकाच दिवशी नौदलात दाखल झाल्या. तिन्ही माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या. अशा प्रसंगी ‘रडारला चकवणारी पाणबुडी’ हे विशेषण हमखास कानावर पडते आणि ते निरर्थक आहे. रडारच्या रेडिओलहरी खाऱ्या पाण्यात काही सेंटिमीटरांतच विरून जातात, त्यामुळे बुडी मारलेली कोणतीही पाणबुडी, मग ती कितीही जुनाट असो, रडारला सापडत नाही. पाण्याबाहेर काढलेला पेरिस्कोप किंवा हवा घेण्याची नळी तेवढी दिसू शकते. पाण्याखाली दूरवर पोहोचतो तो ध्वनी. म्हणून पाणबुडीला चुकवायचे असते ते सोनारला, म्हणजे ध्वनीच्या मदतीने पाण्याखालचे शोधणाऱ्या यंत्रणेला.

त्यासाठी डिझेल इंजिन बंद ठेवून बॅटरीवर चालणे, यंत्रांची कंपने सांगाड्यापर्यंत पोहोचू न देणे, हे उपाय आहेतच. परंतु पाणबुडीचा सर्वांत जुना आणि फुकटचा साथीदार म्हणजे खुद्द समुद्र, कारण समुद्रात ध्वनी सरळ रेषेत जात नाही.

समुद्रात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. पाणी एक अंश सेल्सियसने तापले की तो साधारण ३ मीटरने वाढतो, आणि खोलीमुळे वाढणाऱ्या दाबाने दर १०० मीटरला दीडपावणेदोन मीटरने वाढतो. वरचे पाणी गरम आणि खालचे थंड असेल, तर ध्वनितरंगाची वरची कड पुढे धावते, खालची मागे रेंगाळते आणि अख्खा तरंग खाली वळतो. चौपाटीवर हातगाडीचे एक चाक वाळूत रुतले की गाडी त्याच बाजूला वळते, तसेच हे. आता थोडे गणित करू. १०० मीटर खोलीत तापमान १० अंशांनी उतरत असेल, तर वेग दर मीटरला सुमारे ०.३ मीटर प्रतिसेकंद एवढा घटतो. १,५०० ला ०.३ ने भागले की ५,००० मीटर मिळतात. ही ध्वनीच्या वाकलेल्या मार्गाची त्रिज्या. म्हणजे पृष्ठभागाजवळून आडवा निघालेला किरण एका किलोमीटरवर सुमारे १०० मीटर खाली गेलेला असतो. तीन किलोमीटरवर ५० मीटर खोलीतून जाणारी पाणबुडी त्याच्या वरच्या बाजूला, ध्वनीच्या सावलीत, म्हणजे ध्वनी पोहोचत नाही अशा जागी, सुरक्षित राहते. वेगातला एकूण फरक जेमतेम दोन टक्क्यांचा, पण तेवढा पुरतो.

१९३० च्या दशकात क्यूबातील ग्वांतानामोच्या उपसागरात अमेरिकी नौदलाला हाच अनुभव आला. सकाळी व्यवस्थित चालणारे सोनार दुपारनंतर कमजोर होई. आधी संशय गेला तो सोनारवाल्यांच्या जेवणानंतरच्या सुस्तीवर. खरे कारण होते उन्हाने तापलेला पाण्याचा वरचा थर. आज युद्धनौकेवरून एक छोटी शलाका पाण्यात टाकतात. बुडता बुडता ती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेतून तापमान कळवत जाते आणि शेवटी तार तुटते. मिळालेल्या आलेखावरून सावली कुठे पडेल ते काढता येते.

अरबी समुद्रात हा आलेख ऋतूंप्रमाणे बदलतो. हिवाळ्यातले कोरडे वारे आणि पुढे मान्सूनचे वारे पाणी घुसळून वरचा थर खोलवर एकसारखा करतात. तेथे तापमान समान असल्याने केवळ दाबाचा परिणाम उरतो, ध्वनी उलट वर वळतो आणि थराखाली सावली पडते. एप्रिल-मेमध्ये ऊन वाढले, वारा पडला की हा थर पातळ होतो आणि पाणबुडीला फार खोल न जाताही आडोसा मिळतो. म्हणूनच हेलिकॉप्टर आपले सोनार दोरावरून थराच्या खाली सोडते आणि युद्धनौकाही सोनार केबलने मागे ओढत खोल नेतात.

मुंबईसमोर मात्र वेगळाच पेच आहे. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या बॉम्बे हाय येथे पाण्याची खोली सुमारे ७५ मीटर, तर वागशीरची लांबी सुमारे ६७ मीटर. अशा उथळ पाण्यात ध्वनी तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत जातो, तळाचा मऊ चिखल त्यातला काही गिळतो आणि व्यापारी जहाजांचा गोंगाट उरलेल्यावर मात करतो. येथे शोधणारा आणि लपणारा, दोघांचीही पंचाईत होते. आपण नव्या नौकांचे कौतुक भरभरून करतो. तितकेच कौतुक कोचीहून निघून वर्षानुवर्षे पाण्याचे तापमान आणि ध्वनी मोजत फिरणाऱ्या ‘आयएनएस सागरध्वनी’ या संशोधन नौकेच्या वाट्याला यायला हवे, कारण वागशीरच्या कप्तानाने कोणत्या खोलीवर थांबावे हे त्या नोंदींवाचून ठरत नाही.