मे महिन्यातला ड्राइव्ह

विजेच्या मोटारीचा वेग बदलणारा व्हीएफडी (व्हेरिएबल फ्रीक्वेन्सी ड्राइव्ह), म्हणजे कारखान्यातल्या बोलीत नुसता ‘ड्राइव्ह’, चालवायला आणि सांभाळायला शिकायचं असेल तर नागपूरकरांनी त्यासाठी मे महिना निवडावा, असं माझं मत आहे. एसी लावलेल्या हॉलमध्ये ड्राइव्ह फार शहाण्यासारखा वागतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडखाली, ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, तोच ड्राइव्ह दुपारी तीनला ट्रिप होतो, म्हणजे आपणहून बंद पडतो, आणि रात्रपाळीत बिनतक्रार चालतो. पॅरामीटरची, म्हणजे ड्राइव्हमध्ये भरायच्या सेटिंगची, यादी पाठ करून हे कोडं सुटत नाही.

आधी आत काय चालतं ते बघू. इंडक्शन मोटारीचा वेग विजेच्या वारंवारतेवर ठरतो. ५० हर्ट्झवर चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटारीतलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १,५०० फेरे घेतं. रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या जरा मागे, १,४४० च्या आसपास फिरतो. वारंवारता ४० केली की क्षेत्राचे फेरे १,२०० होतात. पण महावितरणकडून येणारी वीज ५० हर्ट्झचीच. म्हणून ड्राइव्ह आधी तिची डीसी करतो, ती कपॅसिटरमध्ये साठवतो आणि मग आयजीबीटी नावाचे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हव्या त्या वारंवारतेची एसी घडवतो. ड्राइव्हवरची मोटार बारीक शिट्टीसारखी वाजते ती या चालू-बंदमुळेच. आयजीबीटीला कारखान्यांपर्यंत आणण्यात मोठा वाटा आहे तो चेन्नईत जन्मलेल्या आणि अमेरिकेत काम केलेल्या बी. जयंत बालिगा यांचा. अजनीच्या रेल्वे शेडमधली डब्ल्यूएजी-९ ही मालगाडीची विद्युत इंजिनं आणि नागपूर मेट्रोच्या गाड्याही थ्री-फेज मोटारींवर, याच तत्त्वाने धावतात.

वारंवारतेबरोबर व्होल्टेजही उतरवावं लागतं. ४१५ व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, म्हणजे हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट. हे प्रमाण मोडून वारंवारता तेवढी कमी केली तर मोटारीचा गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, करंट वाढतो आणि वाइंडिंग तापतं. म्हणून नवा ड्राइव्ह जोडताना पहिलं काम मोटारीच्या नेमप्लेटवरचे आकडे जसेच्या तसे भरण्याचं. जुन्या मोटारीची नेमप्लेट रंगाखाली गेलेली असते, तेव्हा पॉलिश पेपर घेऊन ती घासण्यापासून प्रशिक्षणाला सुरुवात होते.

प्रत्यक्ष हात घालण्याआधी एक सवय अंगात भिनायला हवी. सप्लाय बंद केला, डिस्प्ले विझला, तरी ड्राइव्ह मेलेला नसतो. ४१५ व्होल्टच्या एसीची डीसी होते तेव्हा कपॅसिटरवर सुमारे ५८७ व्होल्ट साठतात, आणि ते माणसाचा जीव घ्यायला पुरेसे आहेत. कव्हरवर लिहिलेली पाच, दहा किंवा पंधरा मिनिटं थांबायचं आणि तरीही डीसीच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मीटर लावून खात्री केल्याशिवाय बोट पुढे न्यायचं नाही. लाइन थांबली की सुपरवायझर मागे उभा राहून घड्याळ बघतो. त्याच्यासमोर शांतपणे थांबता येणं हे माझ्या मते या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य.

त्यानंतरची चाचणी साध्या मल्टीमीटरने होते. मोटारीची आणि सप्लायची केबल सोडवायची, मीटर डायोड तपासण्याच्या खुणेवर ठेवायचा, एक टोक डीसी टर्मिनलवर आणि दुसरं यू, व्ही, डब्ल्यू या मोटारीकडे जाणाऱ्या टर्मिनलांवर एकेक करून लावायचं. धडधाकट ड्राइव्हमध्ये एका दिशेने तिन्ही रीडिंग जवळजवळ सारखी येतात आणि उलट दिशेने मीटर ‘ओपन’ दाखवतो. एखादं रीडिंग शून्य आलं तर तो आयजीबीटी शॉर्ट झालेला. एवढं येऊ लागलं की ड्राइव्ह दुरुस्तीला पाठवायचा की मोटारीकडे वळायचं हे जागेवर ठरतं. मोटारीला मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावताना मात्र ड्राइव्हची केबल सुटलेली हवी, नाहीतर मेगरचा उच्च व्होल्टेज आतले स्विच घेऊन जातो.

ट्रिप झाल्यावर डिस्प्लेवर दिसणाऱ्या फॉल्ट कोडचा अर्थ पुस्तिकेत मिळतो, त्यामागचं कारण मात्र बहुतेकदा शेडमध्ये सापडतं. जड पंखा ३० सेकंदांऐवजी तीनच सेकंदांत थांबवायला सांगितला की ड्राइव्ह ‘ओव्हरव्होल्टेज’ दाखवून ट्रिप होतो. सप्लाय ठीकच असतो. जडत्वाने फिरणारी मोटार जनित्र होऊन वीज उलटी ड्राइव्हमध्ये ढकलते आणि डीसीचं व्होल्टेज चढतं. थांबण्याचा वेळ वाढवावा, नाहीतर ही जादा वीज उष्णतेत जिरवणारा ब्रेकिंग रेझिस्टर लावावा. प्रशिक्षणात हा फॉल्ट मुद्दाम घडवून दाखवला पाहिजे.

आता दुपारी तीनचं कोडं. बऱ्याच ड्राइव्हची पूर्ण क्षमता सभोवतालच्या ४० अंश सेल्सिअसपर्यंत मोजलेली असते. त्यापुढे ५० पर्यंत दर अंशामागे साधारण एक टक्का करंट कमी धरायचा. नागपुरात बाहेरच ४५ असतं, ड्राइव्ह बसवलेल्या बंद पेटीत, म्हणजे पॅनेलमध्ये, त्याहून बरंच जास्त. भरीला ३० किलोवॅटचा ड्राइव्ह ९८ टक्के कार्यक्षम मानला तरी सहाशे वॅटची उष्णता स्वतःच पॅनेलमध्ये सोडतो. मग पॅनेलचं दार उघडं टाकून समोर पेडेस्टल फॅन लावण्याचा आपल्याकडचा लाडका उपाय होतो. त्या दिवसापुरता ड्राइव्ह चालतो. पण कापसाचे तंतू, कोळशाची धूळ, सिमेंट, जे हवेत असेल ते सगळं हीटसिंकच्या, म्हणजे ड्राइव्हची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, पात्यांत जाऊन बसतं आणि पुढच्या आठवड्यात तो आणखी लवकर ट्रिप होतो. खरा इलाज कंटाळवाणा आहे. पॅनेलचे फिल्टर धुवायचे, हीटसिंक कोरड्या हवेने झाडायचा, कूलिंग पंखा खरखरायच्या आधी, साधारण तीन ते पाच वर्षांनी, बदलायचा. आणि ड्राइव्ह घेतानाच एक माप मोठा घ्यायचा. उष्णतेचा हिशेब कपॅसिटरकडेही जातो: तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं.

मोटारीचंही तसंच. तिचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो, त्यामुळे २० हर्ट्झवर वारा कमी आणि भार तेवढाच राहिला तर ती तापते. कन्व्हेयर बराच वेळ संथ चालवायचा असेल तर वेगळ्या सप्लायवरचा ब्लोअर हवा. पंपाला ही भीती कमी, कारण त्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे उतरते: ८० टक्के वेगाला जेमतेम ५१ टक्के. विजेच्या बिलातली बचत इथूनच येते. मात्र पाणी उंच टाकीत चढवायचं असेल तर ती बरीच घटते, हे विक्रेता सहसा आपणहून सांगत नाही.

स्टोअरमध्ये ठेवलेल्या स्पेअर ड्राइव्हवर खरेदीची तारीख लिहून ठेवा. वर्षभराहून अधिक पडून राहिलेल्या ड्राइव्हच्या कपॅसिटरमधला ऑक्साइडचा थर कमजोर झालेला असतो. त्याला एकदम पूर्ण ४१५ व्होल्ट दिले तर कपॅसिटर फुटूही शकतो, म्हणून उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे व्होल्टेज टप्प्याटप्प्याने, काही तास घेऊन चढवायचं. हे काम डिसेंबरात, लाइन निवांत असताना उरकून घ्यावं.