बाजूची चाकं लावल्याशिवाय मूल सायकल शिकत नाही?

‘आधी बाजूची दोन छोटी चाकं लावा, मूल पेडल मारायला शिकलं की काढा.’ आपणही बहुतेक असेच शिकलो, त्यामुळे हे खरं वाटणं साहजिक आहे. पण सायकलीत अवघड असतो तो तोल. पेडल मारणं मुलं तीनचाकीवरच शिकतात.

सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवावं लागतं, तेव्हा ती सावरते. बाजूची चाकं सायकलीला कलूच देत नाहीत, मग ही सवय लागणार कुठून? चाकं काढली की पहिल्यापासून सुरुवात. तोल आधी शिकवते ती बॅलन्स बाइक. मुलांच्या या छोट्या सायकलीला पेडलच नसतं. पायांनी ढकलायचं, मग पाय उचलून घरंगळायचं. (१८१७ साली जर्मनीत धावलेली पहिली दुचाकीही बिनपेडलचीच होती.)

पडताळायला नवी गाडी नको. घरच्याच सायकलीची बाजूची चाकं आणि पेडलं काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं सुटतं. इथे बरेच जण पान्याशी झुंजत बसतात. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. हेल्मेट घाला, सपाट मोकळी जागा बघा. पाय उचलून मूल सरळ जाऊ लागलं, वळू लागलं, की पेडलं परत बसवा.