डिस्टोपियन साहित्य आणि चित्रपटांतील इच्छास्वातंत्र्य, बंड व आपलेपणा

माणसाच्या भल्याचे नाव घेऊन उभी राहिलेली आणि अखेर माणसालाच गिळणारी समाजव्यवस्था ज्यांत रंगवलेली असते, अशा कथा, कादंबऱ्या, नाटके व चित्रपट यांना डिस्टोपियन म्हणतात. थॉमस मोर यांच्या १५१६ सालच्या ‘यूटोपिया’ या ग्रंथनामाच्या उलट अर्थाचा हा शब्द जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटमध्ये, सरकारच्या आयर्लंडविषयक धोरणावर टीका करताना वापरला होता. या प्रकारच्या महत्त्वाच्या कलाकृतींत तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आढळतात : माणूस स्वतःच्या इच्छेने काही ठरवू शकतो का, तो बंड का करतो, आणि तो कुणाचा आहे. पहिल्या दोहोंची उत्तरे बहुधा तिसऱ्यावर अवलंबून असतात, म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे. नवी मुंबईसारख्या आखून वसवलेल्या शहरातील मराठी वाचकाला तर हा आपलेपणाचा प्रश्न मुळीच परका नाही.

येवगेनी झाम्यातिन या रशियन लेखकाची १९२०–२१ मध्ये लिहिलेली ‘आम्ही’ ही कादंबरी या परंपरेचा पाया मानली जाते. सोव्हिएत राजवटीने तिच्यावर बंदी घातली. १९२४ साली ती इंग्रजी भाषांतराच्या रूपाने न्यूयॉर्कमध्ये निघाली, आणि रशियात छापली जायला १९८८ साल उजाडावे लागले. तिच्यातील ‘एकराज्या’त नागरिकांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. घरे काचेची आहेत, उठण्याजेवण्याच्या वेळा तक्त्यात बांधलेल्या आहेत, आणि पडदे ओढण्याची मुभा ठरावीक तासांपुरतीच आहे. अवकाशयान बांधणारा गणिती नायक डी-५०३ याला या व्यवस्थेचा जाच होत नाही. तो तिच्यात सुखी आहे. आय-३३० या स्त्रीच्या ओढीने त्याची घडी विस्कटते आणि डॉक्टर त्याला सांगतात की तुझ्यात आत्मा तयार झाला आहे. शेवटी शस्त्रक्रियेने त्याची कल्पनाशक्ती काढून टाकतात, आणि आय-३३०चा छळ तो शांतपणे पाहत बसतो. ज्या माणसामुळे त्याला काही हवेसे वाटू लागले, त्याच्याशी जोडलेला धागा कापला की इच्छा वेगळी मोडावी लागत नाही, हे झाम्यातिन यांनी फार लवकर ओळखले होते.

अशा कथा वाचताना मराठी वाचकाला प्रारब्ध आठवणे स्वाभाविक आहे. कीर्तन-प्रवचनांतून संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण या कल्पना घरोघर पोचलेल्या आहेत. मात्र प्रारब्ध हे माणसाच्या स्वतःच्याच पूर्वकर्माचे फळ मानले जाते, तर डिस्टोपियातील भवितव्य दुसऱ्या माणसांनी, कचेरीत बसून, विचारपूर्वक ठरवलेले असते. म्हणून ते भोगण्याची सक्ती असली तरी ते मान्य करण्याचे कारण उरत नाही. अँथनी बर्जेस यांच्या ‘अ क्लॉकवर्क ऑरेंज’ (१९६२) या कादंबरीत हा मुद्दा टोकाला नेला आहे. हिंसाचाराचा विचार मनात येताच मळमळ व्हावी असे उपचार करून एका गुंड तरुणाला ‘सुधारले’ जाते. तो वाईट वागू शकत नाही, पण म्हणून तो चांगला झाला का, असा तुरुंगातील धर्मगुरूचा प्रश्न आहे. अमेरिकी आवृत्तीतून या कादंबरीचे एकविसावे प्रकरण गाळले गेले होते. त्याच प्रकरणात तो तरुण आपण होऊन हिंसेला कंटाळतो आणि संसाराची स्वप्ने पाहू लागतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या १९७१ सालच्या चित्रपटातही तो शेवट नाही. हे वगळणे प्रस्तुत लेखकाला मोठी हानी वाटते, कारण स्वेच्छेने बदलण्याची शक्यताच त्याने कथेतून नाहीशी होते.

नवी मुंबई म्हणजे डिस्टोपिया, असे म्हणणे अन्यायाचे होईल. तरीही क्रमांकांच्या शहराची कथा इथे अधिक जवळून वाचली जाते. मुंबईवरचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर वसवावे, असा विचार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६०च्या दशकात मांडला. १७ मार्च १९७० रोजी हे शहर उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पाखाली आल्या. नोड म्हणजे मोठे विभाग आणि त्यांच्या पोटात सेक्टर, अशी मांडणी झाली. आज इथला माणूस पत्ता सांगताना सेक्टरचा आकडा सांगतो. पण नोडांची नावे मात्र नेरूळ, वाशी, तुर्भे अशी जुन्या गावांचीच राहिली, आणि सेक्टरांच्या मधोमध गावठाणेही राहिली. दिवाळे या गावासारख्या ठिकाणी कोळ्यांच्या होड्या अजून आहेत. झाम्यातिन यांच्या नगरात जुने सारे नगराभोवतीच्या हिरव्या भिंतीपलीकडे लोटलेले असते; इथे ते आतच नांदते.

जॉर्ज ऑर्वेल यांची ‘१९८४’ (१९४९) ही कादंबरी आपलेपणाच्या दृष्टीने सर्वांत क्रूर आहे. तिचा नायक विन्स्टन स्मिथ ४ एप्रिल १९८४ ही तारीख घालून रोजनिशी सुरू करतो. तारीख खरी आहे की नाही, याचीही त्याला खात्री नसते. त्याचे बंड रोजनिशीने सुरू होते आणि ज्युलियावरील प्रेमाने वाढते. ज्या गुप्त संघटनेवर तो भरवसा ठेवतो, तिच्यात त्याला घेणारा ओब्रायन सत्तेचाच माणूस निघतो. छळाच्या अखेरीस ‘हे ज्युलियाला करा’ एवढेच त्याच्याकडून वदवून घेतले जाते, आणि मग सर्वांवर पाळत ठेवणाऱ्या राजवटीचा प्रमुख, ‘मोठा भाऊ’, हेच त्याचे एकमेव नाते उरते.

विन्स्टनच्या रोजनिशीतील त्या तारखेच्या सुमारे अडीच महिने आधी, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी, उरण तालुक्यातील जासई परिसरात नवी मुंबईसाठी जमिनी गेलेल्या प्रकल्पग्रस्त शेतकऱ्यांचे आंदोलन पेटले. नेतृत्व दि. बा. पाटील यांचे होते, आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक हुतात्मे झाले. पुढे भूमिपुत्रांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतके विकसित भूखंड देणारी साडेबारा टक्के योजना आली. या बंडाची जात विन्स्टनच्या बंडाहून वेगळी आहे. विन्स्टन एकटा आहे आणि कुणाचा तरी होण्यासाठी धडपडतो. जासईचे लोक आधीपासून एकमेकांचे होते, आणि नव्या शहरात आपलाही वाटा असावा, असे त्यांचे मागणे होते. एकाकी नायकावर रचलेल्या कादंबऱ्यांतून अशा सामूहिक बंडाचे चित्र क्वचितच उमटते, ही या साहित्यप्रकाराची मर्यादा मानावी लागेल.

आपलेपणाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. ‘वाळीत टाकणे’ हा मराठी शब्दप्रयोग एका पूर्ण दंडव्यवस्थेचे नाव आहे : बोलणे बंद, लग्नकार्य बंद, मयताला खांदा द्यायला माणूस नाही. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला, यावरून हा दंड किती जिवंत होता ते कळते. माणसांत राहण्याची किंमत म्हणून इच्छा गहाण ठेवायला लावणे राज्याप्रमाणे गावकीलाही जमते.

काझुओ इशिगुरो यांच्या ‘नेव्हर लेट मी गो’ (२००५) या कादंबरीत तर बंड होतच नाही. अवयवदानासाठी वाढवलेली मुले आपल्या शाळेच्या आठवणींना आणि परस्परांच्या मायेला इतकी बांधलेली असतात की पळून जाणे त्यांच्या मनातही येत नाही. ती फक्त काही वर्षांची मुदत मागतात. ‘द ट्रुमन शो’ (१९९८) या चित्रपटाचा नायक मात्र दाराबाहेर पडतो. त्याचे देखणे, आखीव गाव फ्लोरिडातील सीसाइड या प्रत्यक्षातल्या नियोजित वसाहतीत चित्रित झाले आहे.

भारतीय परंपरेत मंजुळा पद्मनाभन यांचे ‘हार्वेस्ट’ हे इंग्रजी नाटक सर्वांत महत्त्वाचे ठरते. १९९७ साली त्याला ओनासिस पारितोषिक मिळाले, आणि त्यावरून गोविंद निहलानी यांनी ‘देहम’ (२००१) हा चित्रपट केला. मुंबईतील एका खोलीत राहणारे कुटुंब परदेशी धनिकाला अवयव पुरवण्याचा करार करते. त्याबदल्यात घरात सुबत्ता येते, आणि खाणे, पिणे, भेटणे यांवर पहाराही. सगळी माणसे हातची गेल्यावर सून जया एकटी उरते. ती दार आतून लावून घेते, आणि मी हवी असेन तर घरात बसवलेल्या संपर्कयंत्राच्या पडद्यावरून नको, स्वतःच्या देहाने, धोका पत्करून ये, नाहीतर मी जीव देईन, अशी अट त्या धनिकाला घालून वाट पाहत बसते.