डोंगलच्या वाटेने बाहेर

बेळगावातल्या छापखान्यात लग्नाची पत्रिका कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी दोन्हींत लावून द्यावी लागते. त्यासाठीचं जुनं डीटीपी (पानं जुळवायचं) सॉफ्टवेअर काही ठिकाणी अजून विंडोज एक्सपीवरच चालतं आणि डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायची परवान्याची चावी, लावल्याशिवाय उघडत नाही. मग नव्या कॉम्प्युटरवर व्हीएमवेअर वर्कस्टेशन टाकतात. ते कॉम्प्युटरच्या आत दुसरा नकली कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवतं; त्यात एक्सपी बसवतात. आत व्हायरस शिरला तरी बाहेरचं जीएसटीचं काम, बँकेचे पासवर्ड सुखरूप, असा भरवसा असतो. तो पुरता खरा नाही.

आतल्या एक्सपीला दिसणारा यूएसबी कंट्रोलर, म्हणजे यूएसबीची उपकरणं सांभाळणारा भाग, नकली असतो. बाहेरच्या कॉम्प्युटरवर चालणारा व्हीएमएक्स हा प्रोग्रॅम त्याचं सोंग वठवतो. मार्च 2024 मध्ये या सोंगातलंच भोक जाहीर झालं: नोंदक्रमांक सीव्हीई-2024-22253, वर्कस्टेशनसाठी तीव्रता 10 पैकी 9.3. प्रोग्रॅम मेमरीचा एक तुकडा मोकळा करतो, पण त्याचा पत्ता टाकून देत नाही. आतला हल्लेखोर त्या मोकळ्या जागेत स्वतःचा डेटा भरतो. प्रोग्रॅम जुन्या पत्त्यावर परत जातो आणि तिथे सापडेल ते आपलंच समजून वापरतो. नेम बसला, की हल्लेखोराचा कोड बाहेरच्या कॉम्प्युटरवर चालू लागतो.

त्यासाठी आत अ‍ॅडमिनचे अधिकार लागतात, पण एक्सपीवर बहुतेक जण अ‍ॅडमिन म्हणूनच काम करतात. शिवाय एक्सपीचे अपडेट 2014 मध्येच थांबले. गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह थेट आत जोडणं म्हणूनच घातक.

तात्पुरता उपाय होता यूएसबी कंट्रोलर काढण्याचा: व्हीएम पूर्ण शटडाउन करायची, सस्पेंड नव्हे, आणि सेटिंग्जमधून कंट्रोलर रिमूव्ह करायचा. कीबोर्ड-माऊस चालू राहतात, कारण ते सहसा त्या वाटेने येत नाहीत. डोंगल मात्र बंद पडतं, म्हणजे छापखान्याचं कामच थांबलं. तेव्हा खरा इलाज अपडेटचा. हे भोक 17.5.1 मध्ये बुजवलं, पण तिथे थांबू नका. शेअर्ड फोल्डरच्या, म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडून दिसणाऱ्या फोल्डरच्या, यंत्रणेतून मेमरीतली माहिती गळत होती, ती दुरुस्ती मार्च 2025 मध्ये 17.6.3 सोबत आली. आपली आवृत्ती हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये दिसते.

अपडेटनंतर एक्सपीचं नेटवर्क तोडा. नेटवर्क अ‍ॅडॅप्टरच्या ‘कनेक्टेड’ आणि ‘कनेक्ट अ‍ॅट पॉवर ऑन’ या दोन्ही खुणा काढा. दुसरी राहिली तर पुढच्या वेळी व्हीएम सुरू होताच नेट परत जोडलं जातं. पेनड्राइव्ह बाहेरच्या विंडोजवर तपासा, लागतील तेवढ्याच फाइली शेअर्ड फोल्डरमधून आत द्या. एक्सपीला यूएसबीतून डोंगल जोडा, दुसरं काही नको.