काळी जीभ, तपकिरी अंडे

आमच्या इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या शेजारच्या काकांनी गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी झाबुआकडच्या एका हाटातून कडकनाथ (मांसापर्यंत काळी असणारी तिकडची कोंबडीची जात) म्हणून चार काळी पिल्ले आणली, परसात जाळीचे खुराडे बांधले आणि सहा महिने वाट पाहिली. पहिले अंडे मिळाले त्या सकाळी ते हातात घेऊनच ते माझ्याकडे आले. "हे तर तपकिरी निघालं! फसवलं हो मला त्या माणसानं. बघा तुम्हीच." इंदूरपासून झाबुआ जेमतेम दीडशे किलोमीटरवर असूनही कडकनाथचे अंडे काळे असते, रक्त काळे असते, अशा समजुती आपल्याकडे सुशिक्षित घरांतही पक्क्या आहेत, म्हणून हा लेख.

अंड्याचा प्रश्न लवकर मिटतो. कवच हे कोंबडीच्या गर्भाशयात, सुमारे वीस तासांत, चुन्याच्या थरांनी तयार होते आणि त्यावरचा तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्यामुळे येतो, जे द्रव्य हिमोग्लोबिनच्या घडणीतलाच एक टप्पा आहे. कडकनाथचा काळेपणा मेलॅनिनचा आहे, म्हणजे आपल्या केसांना काळे करणाऱ्या रंगद्रव्याचा. हे दोन कारखाने वेगळे आहेत, त्यामुळे कडकनाथचे अंडे फिकट तपकिरी किंवा दुधी असते आणि रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे ते लालच असते. (तपकिरी अंडे म्हणजे गावरान, हा समजही चुकीचा आहे, तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्या हजारोंच्या संख्येने पिंजऱ्यांतही असतात.)

खरे नवल आहे ते मेलॅनिन मांसापर्यंत पोहोचते कसे याचे, आणि त्यासाठी उबवणीच्या तिसऱ्या दिवसाच्या आसपास अंड्यात डोकवावे लागते. त्या वेळी गर्भाच्या पाठीच्या मध्यरेषेवर, भावी मज्जारज्जूच्या माथ्याशी पेशींची एक पट्टी असते, तिला मज्जाशिखा म्हणतात. या पट्टीतल्या पेशी मूळ जागा सोडून शरीरभर स्थलांतर करतात. त्यांच्यासमोर दोन वाटा असतात: एक खाली, आतल्या अवयवांच्या दिशेने जाणारी, आणि दुसरी त्वचेखालून बाजूने जाणारी. पहिल्या वाटेने बहुतेक भावी चेतापेशी जातात. भावी रंगपेशी मात्र जरा उशिरा निघतात आणि साध्या कोंबडीत त्यांना दुसरीच वाट मोकळी असते, कारण खालच्या वाटेवर त्यांना अडवणारे रेणू पसरलेले असतात. त्वचेखालून जाऊन त्या पिसांच्या मुळांशी पोहोचतात आणि तिथेच रंग भरतात. म्हणूनच काळ्या पिसांच्या सामान्य कोंबडीचे मांस फिकटच असते.

कडकनाथमध्ये ही नाकाबंदी टिकत नाही. त्याच्या 20 व्या गुणसूत्रावर डीएनएच्या एक लाखाहून अधिक अक्षरांचे दोन तुकडे प्रत्येकी दोनदा आलेले आहेत, शिवाय त्यांची मांडणी उलटसुलट झाली आहे, आणि त्यांपैकी एका तुकड्यात एंडोथेलिन-3 या प्रथिनाचे जनुक आहे. हे प्रथिन रंगपेशींच्या पूर्वजांना 'वाढा आणि पसरा' असा निरोप देते. जनुकाची प्रत जास्त, म्हणून प्रथिन जास्त, म्हणून रंगपेशींची संख्याही जास्त. आणि त्या खालच्या वाटेनेही आत शिरून स्नायूंवरच्या आवरणांत, अवयवांभोवतीच्या पडद्यांत आणि हाडांवरच्या पातळ त्वचेत कायमच्या वसतात. मी स्वतः एकदा शिजवलेल्या तंगडीचे हाड सुरीने खरवडून पाहिले: काळा पापुद्रा सुटून आला आणि खाली इतर कोणत्याही कोंबडीसारखे पांढुरके हाड निघाले. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम चेमानी, व्हिएतनामची काळी ह्मोंग आणि स्वीडनची स्वार्थोना या सर्व काळ्या जातींत गुणसूत्राची हीच दुरुस्ती, खरे तर नादुरुस्ती, सापडते. म्हणजे ती कधीतरी एकदाच घडली आणि माणसांबरोबर जगभर फिरली.

आता काकांच्या तक्रारीकडे वळू, कारण त्यांची शंका अगदीच पोकळ नव्हती. चार पिल्लांपैकी दोन तलंगा (तरुण कोंबड्या) झाल्या आणि दोन कोंबडे. तलंगांचा तुरा, जीभ, नडग्या, पंजे सगळे काळे. कोंबड्यांचे तुरे मात्र लाल आणि पाय राखी-पांढरे. याचे उत्तर बेटसन आणि पुनेट या इंग्रज शास्त्रज्ञांनी सिल्कीच्या संकरांवरून 1911 मध्येच दिले होते. काळेपणा आणणारा जनुक प्रभावी आहे, म्हणजे एकाच पालकाकडून मिळाला तरी चालतो; पण झेड या लिंगगुणसूत्रावर दुसरा एक जनुक असतो, जो त्वचेखालचे मेलॅनिन दाबून टाकतो. पक्ष्यांत हिशेब माणसाच्या उलट असतो: नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी पिल्लाला झेड फक्त बापाकडून मिळतो, नर पिल्लाला आई आणि बाप दोघांकडून. बाप कडकनाथ आणि आई दाबणारा जनुक असलेली फिकट पायांची कोंबडी असेल, तर मुली काळ्या होतात, कारण आईचा झेड त्यांना मिळतच नाही, आणि मुलगे फिकट होतात. आई कडकनाथ आणि बाप फिकट असेल, तर सगळीच पिल्ले फिकट. काकांच्या परसात नेमका पहिला प्रकार होता. यातून खरेदीदाराने घ्यायची गोष्ट अशी की काळी जीभ ही शुद्धतेची खूण नव्हे. संकरित तलंगेचीही जीभ काळीच असते. पिसांवरही जाऊ नये, कारण कडकनाथमध्ये पूर्ण काळ्याबरोबर रुपेरी रेघांचे आणि सोनेरी छटेचे प्रकारही आहेत. पिल्लू घ्यायचे ते आईबाप दोन्ही पाहून, किंवा शासकीय उबवणी केंद्रातून.

भौगोलिक मानांकन 2018 मध्ये मिळाल्यापासून कडकनाथभोवती जाहिरातीचे वलय फार वाढले आहे. मधुमेहापासून दम्यापर्यंत सर्व रोगांवर त्याचे मांस लागू पडते म्हणून सांगतात. मांस कमी चरबीचे असते हे खरे, पण पाच-सहा महिने फिरून दीड किलोच्या आसपास पोहोचणाऱ्या कोणत्याही चपळ कोंबडीचे ते तसेच असते. सहा आठवड्यांत दोन किलो होणाऱ्या ब्रॉयलरशी तुलना केली की कोणीही सडपातळच दिसणार. महाराष्ट्रात 2019 मध्ये कडकनाथपालनाच्या गुंतवणूक योजनांत शेतकऱ्यांचे कोट्यवधी रुपये बुडाले. अमावास्येला काळा कोंबडा उतरवून टाकणाऱ्याला आपण हसतो, आणि काळ्या मांसाने साखर उतरेल म्हणून तिप्पट पैसे मोजणाऱ्याला मात्र चोखंदळ म्हणतो.

मग परसात पाळावे काय? अंडी हवी असतील तर कडकनाथ हा उत्तम पर्याय नाही. त्याची वर्षाला साधारण 80 ते 100 अंडी होतात. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेची वनराजा 110 च्या आसपास देते आणि अंगानेही भरते. तिथलीच ग्रामप्रिया परसातही 160 ते 180 पर्यंत जाते. कडकनाथचा थोडा वारसा आणि जास्त अंडी अशी तडजोड हवी असेल, तर जबलपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने तयार केलेली नर्मदानिधी आहे. व्हाइट लेगहॉर्न आकड्यांत सर्वांना हरवते, पण ती खुडूक होत नाही (अंडी उबवायला बसत नाही), भित्री असते आणि घार आली तर पांढऱ्या रंगामुळे आधी तीच दिसते. घरातच पिल्ले काढायची असतील तर खुडूक बसणारी एक गावठी कोंबडी हवीच. माळव्याच्या रात्री थंड असल्या तरी वैशाखातली दुपार चाळिशी ओलांडते, त्यामुळे जात कोणतीही असो, सावली आणि पाणी हवे; आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस पहिल्या आठवड्यातच द्यावी. 2021 च्या जानेवारीत इंदुरात कावळे पटापट मेले होते, ते बर्ड फ्लूने. तेव्हा खुराड्याला वरूनही जाळी असावी. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हेही शेजाऱ्यांच्या झोपेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काकांनी कोंबडे ठेवले. गेल्या आठवड्यात त्यांची एक तलंग आठ अंड्यांवर खुडूक बसली. भावंडांची जोडी लावू नये हे मी त्यांना सांगून झाले होते, पण अंडी उबवायला घातलीच आहेत तर हिशेब मांडू म्हटले: काळेपणाचा जनुक येण्याची शक्यता चारात तीन, दाबणारा जनुक न येण्याची दोनात एक, म्हणून आठांत तीन पिल्ले काळी व्हावीत. काकूंचा या अपूर्णांकांवर विश्वास नाही. त्यांनी दोनच होतील असे सांगितले आहे, आणि कॅलेंडरवर एकविसाव्या दिवसाभोवती पेन्सिलने गोल केला आहे.