सेव्ह स्टेट

सेव्ह स्टेट : इम्युलेटरमध्ये (एका मशीनची नक्कल दुसऱ्या मशीनवर करणारा प्रोग्राम) चालू असलेला गेम आहे तिथेच थांबवून कन्सोलची त्या क्षणाची सगळी आतली स्थिती एका फाइलमध्ये उतरवून घ्यायची सोय, त्या फाइललाही सेव्ह स्टेटच म्हणतात. गेमच्या मेनूतून होतो तो सेव्ह वेगळा, त्यात गेमने स्वतः ठरवलेल्या चार गोष्टी (कुठे पोचलात, जवळ काय आहे) कार्ट्रिजच्या बॅटरीवरच्या रॅममध्ये, फ्लॅशमध्ये नाहीतर मेमरी स्टिकवर लिहिल्या जातात. सेव्ह स्टेटला गेम कुठला आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, ती अख्खं मशीनच गोठवते. हँडहेल्डच्या (हातात धरून खेळायच्या कन्सोलच्या) इम्युलेटरचं नवीन अपडेट आलं की रिवाइंड, रन-अहेड, रोलबॅक अशी जी फीचर्स चर्चेत येतात त्यातली बरीचशी याच एका सोयीवर उभी आहेत आणि तरीही अपडेटमध्ये सगळ्यात आधी मोडते तीही हीच, म्हणून तिची नोंद स्वतंत्र घेतली आहे.

उगम : यावर एकमत नाही. एक मत असं की मूळ मोठ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. १९६० च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० वर तासन्‌तास चालणाऱ्या कामासाठी चेकपॉइंट-रीस्टार्टची सोय होती, मधेच मशीन पडलं तर काम पहिल्यापासून न करता शेवटच्या चेकपॉइंटपासून उचलायचं, आणि इम्युलेटर हा शब्दही साधारण त्याच काळात आयबीएममध्येच रुळला, त्यामुळे हे मत जुळल्यासारखं वाटतं. पण त्या चेकपॉइंटपासून गेमच्या इम्युलेटरपर्यंत येणारा सलग धागा दाखवता येत नाही.

दुसरं मत १९८० च्या दशकातल्या फ्रीझर उपकरणांचं. कमोडोर ६४ आणि झेडएक्स स्पेक्ट्रम हे त्या काळचे घरगुती कॉम्प्युटर, पहिल्यासाठी ॲक्शन रीप्ले, दुसऱ्यासाठी मल्टिफेस अशी उपकरणं मशीनच्या मागे लावायची, त्यावर एक बटण, ते दाबलं की (मल्टिफेसमध्ये तरी) प्रोसेसरला नाकारताच येत नाही असा इंटरप्ट जायचा, चालू प्रोग्राम जागीच थांबायचा आणि सगळी मेमरी टेपवर किंवा डिस्कवर काढून घेता यायची. पुढे स्पेक्ट्रमच्या इम्युलेटरनी हेच उचललं. त्यांचा .एसएनए हा फाइल फॉरमॅट मिराज मायक्रोड्रायव्हर नावाच्या अशाच उपकरणावरून आला. त्याची रचना बघण्यासारखी आहे : फाइल बरोबर ४९,१७९ बाइटची, त्यात ४९,१५२ बाइट म्हणजे ४८ केबी रॅम आणि वर २७ बाइटचं हेडर, पण या हेडरमध्ये प्रोग्राम काउंटरला, म्हणजे प्रोसेसर नेमका कुठल्या सूचनेवर होता त्या पत्त्याला, जागाच ठेवलेली नाही, तो स्टॅकवर (प्रोग्रामच्या तात्पुरत्या नोंदींची मेमरीतली जागा) ढकलून दिलेला असतो. त्यामुळे स्टॅकच्या लगतचे मूळ दोन बाइट पुसले जातात. बहुतेक वेळा काही बिघडत नाही, पण जो प्रोग्राम ते दोन बाइट वापरत असेल तो स्टेट लोड केल्यावर गडबडतो. नंतरच्या .झेड८० फॉरमॅटने प्रोग्राम काउंटर वेगळा ठेवला आणि हा घोळ संपला. मशीनची स्थिती उतरवताना मशीनलाच धक्का लागता कामा नये हा धडा इथलाच.

तिसरं मत असं की इम्युलेटरमध्ये सगळी स्थिती तशीही साध्या व्हेरिएबलमध्ये पडलेली असते, ती फाइलमध्ये लिहायची कल्पना कुणालाही सुचली असती, त्यासाठी पूर्वज शोधायची गरज नाही. हे नाकारता येत नाही, पण स्नेस९एक्स या सुपर निन्टेन्डोच्या इम्युलेटरच्या सोर्स कोडमध्ये या कामाच्या फंक्शनची नावं आजही फ्रीझ आणि अनफ्रीझ अशीच आहेत, आणि शब्द असे सहज टिकत नाहीत, त्यामुळे फ्रीझरकडून आलेली वाट जास्त पटते.

हँडहेल्डच्या बाजूला गेम बॉयचे ओळखीचे जुने इम्युलेटर साधारण १९९५ ते १९९७ मधले, व्हर्च्युअल गेम बॉय त्यातला एक. गेम बॉय ॲडव्हान्स २००१ मध्ये आला, त्यानंतर व्हिज्युअलबॉय ॲडव्हान्स पसरला आणि शिफ्ट धरून एफ१ म्हणजे सेव्ह, नुसतं एफ१ म्हणजे लोड ही सवय लागली ती बहुधा त्याच्यामुळेच.

आत काय असतं : गेम बॉय ॲडव्हान्सचं बघू. २५६ केबी आणि ३२ केबी अशा दोन रॅम, ९६ केबी व्हिडिओ रॅम, पॅलेट, स्प्राइटचा तक्ता आणि आय/ओ रजिस्टर प्रत्येकी साधारण १ केबी, मिळून ३८७ केबीच्या आसपास. त्यावर एआरएम प्रोसेसरची रजिस्टर, ती पण एक संच नाही, इंटरप्टच्या वेळी बदलणारे वेगळे संच धरून. इथपर्यंत सोपं आहे. अवघड भाग पुढे येतो, म्हणजे टायमर कुठल्या सायकलला आहे, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवणं) अर्धवट चालू होता का, साउंडच्या फिफोमध्ये (रांगेत) किती नमुने उरलेत, प्रोसेसरने पुढच्या कुठल्या सूचना आधीच उचलून ठेवल्यात. यातलं एक जरी सुटलं तरी गेम लगेच बंद पडत नाही, कदाचित दहा मिनिटांनी आवाज तुटतो आणि मग खरं कारण कुणालाच सापडत नाही.

एमजीबीए हा इम्युलेटर स्टेट पीएनजी चित्राच्या आत ठेवतो (त्या क्षणाचा स्क्रीनशॉट आणि चित्राच्या पोटात डेटा), सोबत रॉमची (गेमच्या फाइलची) ओळख आणि फॉरमॅटचं व्हर्जनही लिहितो म्हणजे चुकीच्या गेमवर स्टेट लोड होऊ नये. ही फार विचारी रचना आहे.

सोनीच्या पीएसपी या हँडहेल्डचं गणित निराळं. एक तर ३२ एमबी रॅम, म्हणून स्टेट कॉम्प्रेस करावी लागते. दुसरं म्हणजे पीपीएसएसपीपी हा इम्युलेटर पीएसपीची ऑपरेटिंग सिस्टिम जशीच्या तशी चालवत नाही, तिची फंक्शनं स्वतः लिहून देतो. म्हणजे चालू थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं), सेमाफोर (त्यांनी एकमेकांसाठी थांबायच्या खुणा), उघड्या फाइली हे सगळं पीएसपीच्या नाही तर इम्युलेटरच्या स्वतःच्या मेमरीत असतं आणि तेही स्टेटमध्ये ओतावं लागतं.

अपडेट आणि जुन्या स्टेट्स : इथे लोकांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं म्हणून थोडं सविस्तर. गेममधला सेव्ह हा गेमचा फॉरमॅट असतो, इम्युलेटर बदला, व्हर्जन बदला, खऱ्या कन्सोलवर न्या, तो चालतो. सेव्ह स्टेट ही त्या इम्युलेटरच्या त्या व्हर्जनच्या आतल्या रचनेचा ठसा असते. अपडेटमध्ये एखादी गोष्ट जास्त अचूक केली, समजा सूचना आधी उचलण्याचं वेळापत्रक नीट केलं, तर त्यासाठी नवीन फील्ड लागतं आणि जुन्या स्टेटमध्ये ते नसतंच, मग अंदाजाने काहीतरी भरायचं नाहीतर स्टेट नाकारायची. यापेक्षा वाईट म्हणजे जुन्या व्हर्जनमध्ये एखादा बग होता आणि त्याने गेमच्या मेमरीत चुकीची किंमत लिहून ठेवलीय, तर अपडेटने बग गेला तरी ती चुकीची किंमत स्टेटमधून परत येते, आणि लोक म्हणतात नवीन व्हर्जन खराब आहे. पीपीएसएसपीपीच्या बाजूने म्हणूनच आधी गेममध्ये सेव्ह करा, इम्युलेटर रीस्टार्ट करा आणि तिथून लोड करा असा सल्ला दिला जातो. अपडेट करण्याआधी एवढं एक काम प्रत्येकाने खरंच करावं.

एकाच कन्सोलच्या दोन इम्युलेटरमध्ये स्टेटची अदलाबदल सहसा होत नाही, रेट्रोआर्कमध्ये (एकाच ठिकाणाहून बरेच इम्युलेटर चालवणारा प्रोग्राम, त्यातल्या प्रत्येकाला कोर म्हणतात) गेम बॉयच्या गॅम्बाटे कोरवर केलेली स्टेट सेमबॉय कोर उघडत नाही. सेमबॉयने यावर बेस नावाचा फॉरमॅट काढला, आपली नेहमीची स्टेट लिहायची आणि फाइलच्या शेवटी सगळ्यांना वाचता येईल असा एक भाग जोडायचा, जेवढं जमेल तेवढं दुसऱ्याने उचलावं. अशी उदार कल्पना इतर कन्सोलसाठीही हवी होती.

दुसरा धोका ओव्हरराइटचा. स्टेटमध्ये कार्ट्रिजची सेव्ह मेमरीही गेलेली असेल तर महिन्यापूर्वीची स्टेट चुकून लोड केल्यावर सेव्हही महिन्यापूर्वीचा होतो आणि इम्युलेटर तो डिस्कवर लिहून टाकतो. सेव्ह करताना शिफ्ट दाबायला विसरलं तरी एवढं पुरतं. एमजीबीएमध्ये लोड केलेली स्टेट परत फिरवायची सोय आहे, शिवाय स्क्रीनशॉट, सेव्ह गेम, चीट कोड यातलं काय काय लोड व्हावं तेही निवडता येतं.

यावर उभी फीचर्स : रिवाइंड म्हणजे दर फ्रेमला किंवा दर काही फ्रेमनी स्टेट घेत राहायचं आणि उलट्या क्रमाने लोड करायचं. वरच्या ३८७ केबीच्या हिशोबाने सेकंदाला ६० स्टेट्स घेतल्या तर सेकंदाला साधारण २३ एमबी आणि मिनिटाला १.३ जीबीच्या वर जातं, म्हणून पूर्ण स्टेट न ठेवता आधीच्या आणि नंतरच्या स्टेटमधला फरक तेवढा ठेवतात. रन-अहेड रेट्रोआर्कमध्ये २०१८ मध्ये आलं. स्टेट घ्यायची, गेम एक-दोन फ्रेम पुढे पळवायचा, पुढची फ्रेम दाखवायची आणि लगेच मागे यायचं, हे प्रत्येक फ्रेमला, त्यामुळे बटण दाबल्यावर गेम स्वतःच जो उशीर लावतो तोही कापला जातो. खऱ्या कन्सोलपेक्षा कमी उशीर लागू शकतो ही यातली खरी नवलाई. रोलबॅक नेटप्लेही (नेटवरून दोघांनी खेळताना समोरच्याचं बटण उशिरा पोचलं की मागच्या स्टेटवर जाऊन गेम परत पुढे पळवणं) याच तत्त्वावर चालतं.

लिंक केबलने जोडलेल्या गेममध्ये मात्र एकाच बाजूने स्टेट लोड केली तर दोन्ही कन्सोलचा मेळ सुटतो, दोघांची स्टेट एकाच क्षणी घेता आली तरच उपयोग. रेट्रोअचीव्हमेंट्सच्या (जुन्या गेममधल्या कामगिरीची नोंद ठेवणारी सेवा) हार्डकोर मोडमध्ये स्टेट लोड करायला परवानगी नाही.

अधिकृत कन्सोलवर : निन्टेन्डो ३डीएसच्या व्हर्च्युअल कन्सोलवर गेम बॉयच्या गेमना रिस्टोअर पॉइंट होता, पण डिसेंबर २०११ मध्ये ॲम्बॅसडर योजनेत (३डीएस सुरुवातीच्या जास्त किमतीला घेतलेल्यांना भरपाई) दिलेल्या दहा गेम बॉय ॲडव्हान्स गेमना तो नव्हता. ते गेम इम्युलेटरवर नाही तर ३डीएसच्या आतल्या हार्डवेअरवरच थेट चालायचे, हे त्यामागचं कारण मानणं योग्य वाटतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये स्विच ऑनलाइनवर गेम बॉय आणि गेम बॉय ॲडव्हान्सचे गेम आले तेव्हा सस्पेंड पॉइंट आणि रिवाइंड दोन्ही मिळाले. पीएसपी किंवा डीएसचा स्लीप मोड ही सेव्ह स्टेट नाही, तिथे रॅम चालूच असते आणि बॅटरी संपली की सगळं जातं.

३डीएसच्या सिट्रा इम्युलेटरमध्ये सेव्ह स्टेट २०२० मध्ये आली, कुठल्या बिल्डने ती बनवली याची खूण फाइलमध्येच असते. सिट्राचं काम मार्च २०२४ मध्ये थांबलं.